पाण्याखालची रीत आणि नव्या डायव्हरच्या हमखास चुका

प्रश्न थोडक्यात असा आहे: मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ हौसेने पहिली बुडी मारली, आवडली, मग गोव्यात ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डाइव्हिंगचा पहिल्या पायरीचा, कोर्स केला. कार्ड हातात येऊन दीड वर्ष झालं, पण एकूण डाइव्ह सहाच. आता जानेवारीत मैत्रिणीबरोबर अंदमानला, हॅवलॉकला जायचं ठरलंय. बोटीवर सगळे मुरलेले लोक असतील. तिथे वागायची काही रीत असते का, आणि नवी माणसं अशा कोणत्या चुका करतात की ज्यांचा दुसऱ्याला त्रास होतो किंवा जिवावर बेततं?

मी देवबागची. वडील रापणीवर जायचे, त्यामुळे समुद्र म्हणजे आमचं अंगणच. पण पाण्याखालचा समुद्र मला विशी उलटल्यावर दिसला. गेली पंधरा-सोळा वर्षं डाइव्हिंग शिकवते आहे. त्यातले सहा हंगाम हॅवलॉकला काढले, बाकी सगळे मालवणात. खाली लिहिलंय ते बोटीवर रोज बोलते तेच आहे, फक्त इथे जरा सवडीने.

पाण्याखाली ज्याला एका जागी स्थिर राहता येत नाही, त्याला कितीही मनात असलं तरी नीट वागता येत नाही. त्याच्या फिनचा, म्हणजे पायातल्या वल्ह्याचा, फटका मागच्याच्या मास्कवर बसतो, गुडघे प्रवाळावर टेकतात, वाळू उडून सगळ्यांचं पाणी गढूळ होतं आणि त्याची स्वतःची हवा पंचवीस मिनिटांत संपते. म्हणून रीतीभातीची सुरुवात मी वजनापासून करते. नव्या डायव्हरच्या कमरेला गरजेपेक्षा जास्त शिसं असतं, दहापैकी आठ वेळा तरी. यात दोष आम्हा शिकवणाऱ्यांचाही आहे, कारण जड विद्यार्थी पटकन खाली जातो आणि वर्ग वेळेत संपतो.

जास्तीच्या वजनाने काय होतं ते समजून घ्या. तीन किलो शिसं जादा झालं की ते तोलायला जाकिटात, म्हणजे बीसीडीत, तीन लिटर हवा जादा भरावी लागते. ही हवा खोलीप्रमाणे आकसते आणि फुगते. दोन मीटर खाली गेलात की ती आकसते, तुम्ही आणखी बुडता, म्हणून बटण दाबून हवा भरता. मग दोन मीटर वर आलात की तीच हवा फुगून तुम्हाला वर खेचते. सगळी डाइव्ह अशी विहिरीच्या रहाटासारखी वरखाली करण्यात जाते. त्यात शिसं कमरेला आणि हवा छातीपाशी, त्यामुळे पाय खाली लोंबतात आणि अंग आडवं राहतच नाही. पाय खाली म्हणजे फिनचा प्रत्येक फटका वाळूला किंवा प्रवाळाला.

हॅवलॉकला एक गृहस्थ आले होते, तब्येतीने मध्यम, अंगात तीन मिलिमीटरचा सूट. म्हणाले, मला दहा किलो लागतात, त्याशिवाय मी खाली जातच नाही. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर पाण्यात उभी राहिले आणि नुसतं पाहिलं. जाकिटातली हवा सोडायच्या क्षणी ते छातीभर श्वास घ्यायचे आणि पाय मारायला लागायचे. भरलेली फुफ्फुसं आणि पायांची वल्ही, दोन्ही त्यांना वर ठेवत होती. मी त्यांना पाय एकमेकांवर अडकवायला लावले, पोटातून पूर्ण श्वास सोडायला लावला आणि दुसरा श्वास घेण्याआधी तीन अंक मोजायला लावले. दोनच्या आकड्यावर डोकं पाण्याखाली गेलं. आठवडा संपेपर्यंत ते सहा किलोवर आले होते. पहिल्या दिवशी पस्तीस मिनिटांत संपणारी टाकी पन्नास मिनिटं पुरायला लागली.

वजन तपासायची पद्धत सोपी आहे. पृष्ठभागावर रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाला देणारं साधन, तोंडात ठेवून, जाकीट पूर्ण रिकामं करून, साधा श्वास धरून निश्चल राहायचं. पाण्याची रेघ डोळ्यांपाशी आली पाहिजे, आणि श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. लक्षात ठेवायची गोष्ट ही की भरलेल्या टाकीतल्या हवेलाही वजन असतं. आपल्याकडे वापरतात त्या साधारण अकरा लिटरच्या अॅल्युमिनियमच्या टाकीत २०० बारला (बार हे दाबाचं माप) जवळजवळ अडीच किलो हवा असते. डाइव्हच्या शेवटी त्यातली दोन किलो निघून गेलेली असते. म्हणून भरल्या टाकीवर तपासलं तर दोन किलो वाढवा. उत्तम म्हणजे डाइव्ह संपताना, ५० बार उरलेले असताना, पाच मीटरवर जाकीट रिकामं करून स्थिर राहता येतं का ते पाहा. आणि तलावात शिकताना लागलेला आकडा समुद्रात चालत नाही. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. माणूस आणि सामान मिळून शंभर किलो धरलं तर अडीच किलोचा फरक तिथेच पडतो.

श्वासाबद्दल तुम्हाला कोर्समध्ये सांगितलं असेलच, तरी पुन्हा सांगते, कारण आपल्या लोकांत एक खास अडचण दिसते. जे लहानपणी विहिरीत पोहायला शिकले ते उत्तम पोहतात, पण पाण्याखाली गेलं की श्वास कोंडायचा ही त्यांच्या अंगात मुरलेली सवय असते. स्कूबामध्ये ती सगळ्यात घातक. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, वीस मीटरवर तिप्पट. दहा मीटरवर छातीभर घेतलेली हवा श्वास कोंडून वर आणली तर ती दुप्पट व्हायला बघते आणि फुफ्फुसं तेवढी ताणत नाहीत. यासाठी फार खोल असायलाही नको. दीड मीटरवरून श्वास कोंडून वर आलेल्यांनाही इजा झालेली आहे. घाबरल्यावर सुटून वर पळायचं आणि श्वास धरून ठेवायचा, या दोन गोष्टी एकदम होतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना रेग्युलेटर तोंडातून निसटला असला तरी बारीक ‘आऽऽ’ करत हवा सोडत राहायला लावते, इतक्या वेळा की झोपेतही करतील.

वर येण्यात आणखी एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो: वर जायचं म्हणून जाकिटात हवा भरतो. गाडीचा अॅक्सिलरेटर दाबावा तसं. वर येताना हवा आपोआप फुगतच असते, त्यामुळे तुम्हाला ती सोडत यायचं असतं. हात वर, हवा सोडायचं बटण हातात, वर बघत, फिनच्या बळावर. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको. मनगटावरचा डाइव्हचा संगणक नसेल तर आपल्याच बारीक बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही, एवढं पाळा. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, आणि त्यानंतरचे शेवटचे पाच मीटर सगळ्यात हळू. लोक नेमकं तिथे सुटतात, कारण सूर्य दिसतो, बोटीचा तळ दिसतो. दाबातला सर्वांत मोठा बदलही त्याच टप्प्यात होतो.

कान दुखायला लागल्यावर फुंकू नका, दुखायच्या आधी फुंका. नाक चिमटीत धरून हलकेच, पहिल्या मीटरपासून, दर हातभर अंतराला. नाही उघडला तर एक मीटर वर या आणि पुन्हा करून बघा. जोर लावायचा नाही. बाकीचे खाली पोहोचले, आपल्यामुळे खोळंबलेत, या लाजेने लोक कान रेटतात आणि मग पुढची सगळी सुट्टी कानात थेंब घालत काढतात. आमच्या बोटीचे जुने तांडेल अशा वेळी म्हणायचे, ‘समुद्र खंय पळान जाता?’ सर्दी झाली असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरणारे मी पाहिले आहेत. गोळीचा असर पाण्याखालीच उतरला तर वर येताना कानातली हवा आतच अडकते, आणि ते दुखणं खाली जातानाच्या दुखण्यापेक्षा वाईट, कारण वर तर यावंच लागतं.

आता खुणा. आपल्याकडे अंगठा वर केला की ‘मस्त’. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मला वर जायचंय’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. मालवणच्या पहिल्या बुडीत हा गोंधळ रोज होतो. मुलगा आनंदाने कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवतो आणि गाइड त्याला इमानदारीत वर आणतो. वर आल्यावर तो चिडतो की माझी वेळ का कापली. गाइडचं काहीच चुकलेलं नसतं. अंगठ्याची खूण ही पाण्याखालची सगळ्यात मोठी खूण आहे. कुणीही, केव्हाही, कारण न देता ती करू शकतं आणि त्याच्या जोडीदाराला वर यावंच लागतं. वर आल्यावर ‘काय झालं, उगाच घाबरलीस’ असं टोचून बोलणं हा माझ्या मते डाइव्हिंगमधला सर्वांत मोठा असभ्यपणा, कारण पुढच्या वेळी ती व्यक्ती खूण करायला कचरेल, आणि त्या वेळी खरंच काही बिघडलेलं असेल. तुम्ही मैत्रिणीबरोबर जाताय, तर आधीच आपसांत हे ठरवून टाका.

तीच गोष्ट हवेच्या आकड्याची. गाइडने विचारलं की गेजवरचा, म्हणजे टाकीतला दाब दाखवणाऱ्या काट्याचा, खरा आकडा सांगायचा. १०० बार झाले की न विचारता सांगायचं. आपल्यामुळे सगळ्यांची डाइव्ह लवकर संपेल म्हणून लोक ६० असताना ९० दाखवतात. उंच, रुंद माणसाला हवा जास्त लागते, नव्या माणसालाही लागते, त्यात कमीपणा काही नाही. बोटीवर परत येताना टाकीत ५० बार असायला हवेत. ती हवा तुमची एकट्याची नसते, जोडीदाराचीही असते.

जोडीदाराचं सामान उतरण्यापूर्वी तपासायचं, हे कोर्समध्ये सगळे करतात आणि नंतर कुणीच करत नाही. मीही एकदा केलं नव्हतं. माझ्यासोबत माझ्याहून कितीतरी अनुभवी डायव्हर होता, त्याला काय विचारायचं, या भिडेने मी त्याची टाकी पाहिली नाही. बारा मीटरवर त्याचे डोळे मोठे झालेले दिसले. दर श्वासाला त्याच्या गेजचा काटा झपकन खाली जात होता आणि श्वास सोडला की परत वर येत होता. टाकीची चावी जेमतेम पाव फेरा उघडी होती. उथळ पाण्यात तेवढी पुरते, खाली दाब वाढला की श्वासाला हवा कमी पडते. मी माझा दुसरा रेग्युलेटर त्याला दिला आणि मागे जाऊन चावी उघडली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल, पण ते अर्धं मिनिट मला अजून आठवतं. तेव्हापासून समोर कुणीही असो, काट्याकडे बघत रेग्युलेटरमधून चार श्वास घ्यायला लावते. काटा हलला तर चावी नीट उघडलेली नाही. आणि चावी पूर्ण उघडून पाव फेरा मागे आणायची जी जुनी पद्धत अजून काही ठिकाणी शिकवतात, ती सोडून द्या. पूर्ण उघडा म्हणजे उघडी-बंदचा घोळच होत नाही.

बोटीवरच्या रीती थोडक्यात सांगते, कारण त्या दोन दिवसांत अंगवळणी पडतात. आपलं सामान आपल्या जाळीच्या पिशवीत, वाटेत पसरायचं नाही. टाकी बांधलेली नसेल तर उभी ठेवून हात सोडायचा नाही, आडवी करायची. लाटेवर पडलेली टाकी पायाच्या बोटांचा चुरा करते. शिशाचा पट्टा फळीवर आदळायचा नाही. ब्रीफिंग चालू असताना फोन बाजूला, शंभर वेळा ऐकलेलं असलं तरी. कॅमेऱ्यांसाठी गोड्या पाण्याची वेगळी बादली असते, तिच्यात थुंकी लावलेला मास्क धुवायचा नाही. शिडीवर कुणी चढत असेल तर तिच्या खाली थांबायचं नाही, कारण त्याच्या पाठीवर पंधरा-वीस किलोचं ओझं आहे आणि तो निसटला तर तुमच्यावरच येणार. आणि शिडी हातात येईपर्यंत फिन काढायचे नाहीत. पृष्ठभागावर मास्क कपाळावर चढवू नका, गळ्यात उतरवा. कपाळावर मास्क म्हणजे माणूस गडबडलाय असं बोटीवरचे समजतात. शिवाय एका लाटेत तो जातो.

एक गोष्ट मात्र मी मालवणच्या माणसाच्या नात्याने सांगणार आहे. पाण्याखाली जाळं दिसलं, खेकड्याचा पिंजरा दिसला की शहरातल्या डायव्हरला वाटतं, अडकलेला मासा सोडवला तर पुण्य. ते जाळं कुणाच्या तरी घरची चूल आहे. मारलेल्या जाळ्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, ही किनाऱ्यावरची फार जुनी रीत आहे. डायव्हर झालो म्हणून ती आपल्यासाठी बदलत नाही. तुटून प्रवाळात अडकलेली, टाकून दिलेली जाळी काढायला हवीतच, पण ते काम ठरवून, शिकलेल्या लोकांनी आणि तिथल्या मच्छीमारांना विचारून करायचं. स्वतः जाळ्यात अडकू नये म्हणून छोटी कात्री जवळ असू द्या, तेवढं ठीक.

प्रवाळाबद्दल किती लिहू आणि किती नको असं होतं. जे दगडासारखं दिसतं ते हजारो बारीक जिवंत प्राण्यांनी बांधलेलं घर असतं. गोलाकार, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. डोक्याएवढा गोळा दिसला तर त्याला तुमच्याएवढं वय असू शकतं. फांद्यांचं प्रवाळ बरंच भराभर वाढतं, पण गुडघ्याच्या एका टेकणीने मोडतं. अंदमानातल्या प्रवाळाने २०१० मध्ये तापलेल्या पाण्यामुळे फार मोठी होरपळ सोसली आहे. त्यावर आपला फिन नको. हातमोजे घालून जाऊ नका, मोजे असले की माणूस धरायला जातो. करंटमध्ये थांबायचंच असेल तर मेलेला, उघडा खडक बघून एक बोट टेकवा. त्या आधी तिथे विषारी काट्यांचा दगडमासा बसलेला नाही ना ते दोनदा पाहा. काहीही उचलून आणायचं नाही, मेलेलं प्रवाळ किंवा किनाऱ्यावर पडलेला शंखही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला, समुद्रकाकडीला आणि कित्येक शंखांना संरक्षण आहे. अंदमानहून परतताना विमानतळावर सामानात हे सापडलं तर अडचणीत याल.

आमच्या मालवणात मात्र एक वाईट सवय पडली आहे आणि ती मी इथे लपवणार नाही. व्हिडिओत मासे भरपूर दिसावेत म्हणून पावाचे, बिस्किटांचे तुकडे सोडतात. काळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने येतात, पर्यटक खूश. पण त्या माशांनी खायचं असतं ते शेवाळ आणि बारीक जीव. पाव खाऊन त्यांचं पोट बिघडतं, ते माणसाच्या हातावर झडप घालायला शिकतात आणि जे मासे पावाला येत नाहीत ते त्या जागेवरून हटतात. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून बोटीवरच सांगितलंत की ‘दादा, पाव नको, आहेत तेवढेच मासे दाखवा’, तर ऐकतात. मी सांगून ऐकत नाहीत इतकं तुमचं ऐकतात. तसंच गाइड काठीने अष्टपाद डिवचून दाखवायला लागला तर मान हलवून नको म्हणा.

कासव दिसलं की सगळे त्याच्या मागे लागतात. कासवाला श्वासासाठी वर जावं लागतं, त्याच्या डोक्यावर गोळा झालात तर त्याची वाट अडते. बाजूला, थोडं खाली, शांत थांबा. पाठलाग केला नाही तर ते बऱ्याचदा चरत चरत स्वतःच जवळ येतं. फोटोसाठीही एक साधी समज पाळतात: दोन-तीन फोटो काढायचे आणि मागच्याला जागा द्यायची. आणि सहा डाइव्हवर कॅमेरा नेऊच नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. पडद्याकडे बघणाऱ्याचं खोलीकडे, हवेकडे आणि जोडीदाराकडे लक्ष नसतं. पंचविसाव्या डाइव्हनंतर न्या.

हॅवलॉकच्या भागात टायटन ट्रिगरफिश नावाचा दांडगा मासा आहे. घरटं राखत असला की अंगावर येतो आणि त्याचे दात खरंच लागतात. त्याची हद्द घरट्यापासून वर नरसाळ्यासारखी रुंदावत जाते असं समजा. वर पळालात तर हद्दीतच राहता. फिन त्याच्याकडे करून आडवे निघून जा.

जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट जागच्या जागी गोल फिरून, वरखाली बुडबुडे शोधायचे. नाही दिसला तर नीट वेगाने वर यायचं आणि पृष्ठभागावर भेटायचं. खाली शोधत राहायचं नाही. हे मैत्रिणीला जाण्याआधीच पक्कं सांगा. एकजण वर वाट बघतोय आणि दुसरी खाली शोधत हवा संपवतेय, असं व्हायला नको.

बोटीवर चढण्याआधी एक फॉर्म भरून घेतात. त्यात दमा, रक्तदाब, हृदय, फिट येणं, ऑपरेशन, चालू गोळ्या असं सगळं विचारलेलं असतं. आपले लोक तो बँकेच्या फॉर्मसारखा भरतात, डोळे मिटून सगळीकडे ‘नाही’. मग बोट निघाल्यावर बायको हळूच सांगते, यांना दम्याचा पंप लागतो. दम्यात हवा फुफ्फुसात अडकू शकते, आणि वर येताना अडकलेली हवा काय करते ते वर लिहिलंच आहे. ‘हो’ लिहिलं म्हणजे नाकारलंच असं नसतं, बऱ्याचदा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर परवानगी मिळते. पण ती चिठ्ठी घरून निघण्यापूर्वी आणायची असते. तसंच डाइव्हचा आकडा फुगवून सांगू नका. ‘सहा डाइव्ह, दीड वर्षाचा खंड’ एवढं म्हणालात की समजूतदार डाइव्हमास्टर तुम्हाला आधी उजळणी करायला लावेल. ती आनंदाने करा, पैसे लागले तरी. तुमच्या कार्डाची मर्यादा १८ मीटर आहे. जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल या नावाजलेल्या जागा त्याहून खोल जातात. ‘काही होत नाही, माझ्यामागे या’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणायचा हक्क तुमचा आहे.

शेवटी विमानाचं आणि घाटाचं. डाइव्ह करताना अंगात नायट्रोजन मुरतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधी उंचावर गेलात की हवेचा दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, रोज अनेक केल्या असतील तर किमान १८ तास. मी २४ धरते, म्हणजे हिशेबच नको. अंदमानचा शेवटचा दिवस कोरडा ठेवा आणि सेल्युलर जेल पाहा. विमानाचं बहुतेकांना माहीत असतं, घाटाचं नसतं. हा नियम साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात, आणि आमची आंबोली त्याहून उंच आहे. मालवणची वीस मिनिटांची उथळ बुडी मारून संध्याकाळी घाट चढलात तर फारसं बिघडत नाही. पण दिवसभरात दोन-तीन खऱ्या डाइव्ह करून त्याच रात्री आंबोलीमार्गे बेळगाव गाठू नका, किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला डाइव्ह करून मुर्डेश्वरहून थेट बंगळुरूची गाडी धरू नका. एक रात्र किनाऱ्यावर काढा. डाइव्हनंतर सांधे दुखले, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले किंवा न समजण्याइतका थकवा आला तर ‘पोहून अंग दुखतंय’ म्हणून झोपू नका, लगेच सांगा. पहिला उपचार शुद्ध ऑक्सिजन असतो. म्हणून बुकिंग करताना दराच्या आधी हा प्रश्न विचारा: बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का, आणि तो वापरता येणारा माणूस बोटीवर असतो का? उत्तर द्यायला समोरचा घुटमळला तर दुसरीकडे जा.

हॅवलॉकला पोहोचलात की पहिल्या दिवशी मोठी जागा मागू नका. नीमो रीफला किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरता येतं आणि खाली वाळूचे मोकळे पट्टे आहेत. तिथे अर्धा तास घ्या. वजन तपासा, मास्कमध्ये पाणी भरून काढा, वाळूच्या हातभर वर श्वासावर तरंगत राहून पाहा, आणि किती किलोवर जमलं तो आकडा सूटच्या जाडीसकट लॉगबुकमध्ये लिहा. बाकीच्या जागा दुसऱ्या दिवशी ठरवा.